पेसहा, नोयंबु, दुक्राना : वर्धा जिल्ह्यातील सिरो-मलबार कॅथलिकांचे सण आणि घरच्या रीती

सिरो-मलबार कॅथलिक म्हणजे रोमच्या पोपचे नेतृत्व मानणारे, पण उपासनेत पूर्व सीरियन परंपरा पाळणारे ख्रिस्ती लोक. त्यांचे मूळ केरळात आहे आणि प्रेषित संत थॉमस इ. स. 52 मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर उतरले, अशी त्यांची परंपरागत श्रद्धा आहे. महाराष्ट्रातले कॅथलिक म्हटले की मराठी वाचकापुढे वसई, मुंबईतली जुनी गावठाणे किंवा हरेगावची मतमाउली येते. ते सगळे लॅटिन विधीचे कॅथलिक. वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे तीन जिल्हे मात्र चांदा या सिरो-मलबार धर्मप्रांतात मोडतात. त्यामुळे येथील धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) सणाचे वेळापत्रक, उपवासाचे दिवस आणि ताटातला पदार्थ या तिन्ही गोष्टी वसईहून वेगळ्या असतात.

चांद्याचा विभाग 1962 मध्ये नागपूरच्या लॅटिन महाधर्मप्रांतातून वेगळा काढून केरळच्या कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट, म्हणजे सीएमआय, या संघाकडे सोपवण्यात आला. 1831 मध्ये केरळातील मान्नानम येथे स्थापन झालेल्या या संघाच्या संस्थापकांपैकी कुरियाकोस एलियास चावरा यांना 2014 मध्ये संतपद मिळाले. 1977 मध्ये चांद्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि 1999 मध्ये तेलुगू भाषक आदिलाबाद त्यातून वेगळे झाले. सिरियाक भाषेतली उपासना मल्याळममध्ये आली तीही 1962 मध्येच, 3 जुलै रोजी. विदर्भात आलेल्या पहिल्या पिढीच्या धर्मगुरूंची स्वतःची प्रार्थनाच नुकती मातृभाषेत आली होती आणि त्याच वेळी त्यांना ती मराठी माणसासाठी मराठीत नेण्याचे काम हाती घ्यावे लागले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रार्थना परक्या भाषेत म्हणणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

ख्रिस्ती विचार वर्ध्याला त्याआधीही अपरिचित नव्हता. मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते (कॅथलिक नव्हेत), सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत ख्रिस्ती भजनाला जागा होती आणि पवनारच्या विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. पण सणवार, उपवास आणि नामकरण यांनी बांधलेले कॅथलिक घर ही गोष्ट वेगळी. ती आली धर्मगुरू आणि धर्मभगिनी यांच्याबरोबर, तसेच नोकरीसाठी आलेल्या केरळी कुटुंबांबरोबर. दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन्ही लोहमार्ग वर्धा–सेवाग्राम येथे मिळतात, आणि दिल्लीहून केरळकडे जाणारी गाडी येथूनच बल्लारशाकडे वळते.

दोन भाषांचा शब्दसंग्रह. या धर्मग्रामांत मल्याळम ही घरची आणि मराठी (कधी हिंदी) ही बाहेरची भाषा, असे वरवर वाटते. शब्द कानावर घेतले की चित्र बदलते. मराठी कॅथलिकांचा जुना शब्दसाठा पोर्तुगिजांकडून आला : नाताळ, क्रूस, पाद्री. मल्याळममध्येही तेच झाले, म्हणून क्रूसाला तिथे कुरिश म्हणतात आणि पाद्रीला पातिरि. दोन्हीकडच्या घरात चावीला चावीच म्हणतात, तीही पोर्तुगीजच. पण सिरो-मलबार घरात याच्याखाली आणखी एक थर आहे, सिरियाकचा. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, कुर्बाना म्हणतात. मराठीतल्या ‘कुर्बानी’चे आणि या शब्दाचे सेमिटिक मूळ एकच. ख्रिस्ताला मिशिहा म्हणतात, तो आपल्याला ‘मसीहा’ या रूपात माहीत आहे. दुक्राना म्हणजे स्मरण, पेसहा म्हणजे वल्हांडण. हे शब्द मराठी उपासनेत आले तरी भाषांतरित होत नाहीत, आणि ते होऊ नयेत असे माझे मत आहे. ‘पेसहा’ला ‘वल्हांडण सण’ म्हटले की अर्थ कळतो, पण त्या रात्रीचा वास त्यात राहत नाही.

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना हे या भाषेचे खरे घर. जपमाळ झाल्यावर लहानांनी वयाच्या क्रमाने मोठ्यांपुढे जाऊन ‘ईशो मिशिहायक्कु स्तुति आयिरिक्कट्टे’, म्हणजे येशू ख्रिस्ताची स्तुती असो, असे म्हणायचे ही केरळची जुनी रीत. दिवसभर मराठी शाळेत बोलणारे मूल अम्मच्चीपुढे (आजीपुढे) हात जोडून हे एवढे वाक्य अचूक मल्याळममध्ये म्हणते. पुढे लिपी वाचता येत नाही, मोठी वाक्ये जुळत नाहीत, तरी हे वाक्य टिकते. भाषा विसरण्याच्या क्रमात प्रार्थना सर्वांत शेवटी जाते.

उपवास. मल्याळममध्ये उपवासाला नोयंबु म्हणतात. वर्षाची बांधणी त्यावर उभी आहे : नाताळाआधी पंचवीस दिवस, निनवेच्या लोकांच्या पश्चात्तापाच्या स्मरणार्थ तीन दिवस, मरियेच्या जन्मोत्सवाआधी 1 ते 8 सप्टेंबर असे आठ दिवस, आणि सर्वांत मोठा म्हणजे ईस्टरपूर्वीचा पन्नास दिवसांचा. या काळात मांस, मासे, अंडी वर्ज्य. श्रावण पाळणाऱ्या शेजाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. लॅटिन कॅथलिकांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, सिरो-मलबारांचा त्याच्या आधीच्या सोमवारी. म्हणून नागपूरहून किंवा वसईहून वर्ध्यात बदलून आलेल्या कुटुंबाला कपाळावरची राख दोन दिवस आधीच दिसते.

पेसहाची रात्र. सर्व सणांत घराचा म्हणावा असा सण हा एकच. पवित्र गुरुवारी चर्चमधला पाय धुण्याचा विधी आटोपला की कुटुंब घरी येते आणि येशूच्या शेवटच्या भोजनाचे स्मरण स्वतःच्या चुलीवर करते. याची तयारी आधीच्या शनिवारी सुरू होते. त्या दिवशी कोळुक्कट्टा करतात : तांदळाच्या पिठाची उकड, आत ओले खोबरे आणि गूळ, वरून वाफ. पारी चुण्यांची नसून गोल गोळ्याची असते, एवढा फरक सोडला तर हा आपला उकडीचा मोदकच. दुसऱ्या दिवशी ओशाना रविवार, म्हणजे झावळ्यांचा रविवार. केरळात नारळाच्या कोवळ्या, पिवळसर पात्या आशीर्वादित करून घरी आणतात. वर्ध्यात नारळाची झाडे दुर्मीळ, त्यामुळे जी झावळी हाती लागेल ती चालते. तिचे एक पाते देव्हाऱ्यातल्या येशूच्या चित्रामागे खोचून ठेवतात, कारण गुरुवारी त्याची गरज पडते.

गुरुवारी तांदळाचे पीठ आणि भिजवून वाटलेली उडीद डाळ एकत्र करतात, त्यात खोबरे, जिरे, लहान कांदे आणि लसूण वाटून घालतात. खमीर घालत नाहीत. मिसरमधून निघालेल्या इस्राएली लोकांना पीठ फुगायची वाट पाहायला वेळ नव्हता, ही त्यामागची आठवण. हे पीठ ताटलीत ओतून झावळीच्या दोन बारीक पट्ट्यांचा क्रूस वर अलगद ठेवतात आणि ढोकळ्यासारखे वाफवतात. वाफ बसते तसा पात्याचा रंग उतरतो आणि क्रूसाची खूण पिठात रुतून राहते. यालाच पेसहा अप्पम किंवा इंद्रियप्पम म्हणतात. दुसऱ्या चुलीवर ‘पाल’ आटत असते : नारळाचे दूध, गूळ, घट्टपणासाठी थोडे तांदळाचे पीठ, सुंठ आणि वेलची. रात्री सगळे चटईवर बसतात, निर्गमाच्या पुस्तकातला वल्हांडणाचा भाग वाचला जातो, घरातला कर्ता पुरुष अप्पम कापतो आणि थोरापासून लहानापर्यंत प्रत्येकाच्या हातावर पाल लावलेला तुकडा ठेवतो. घेणारा दोन्ही हात पुढे करतो. कण खाली पडू द्यायचा नाही, हे लहान मुलांना दरवर्षी नव्याने सांगितले जाते.

ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला, तिथे अप्पम करत नाहीत. नातेवाईक किंवा शेजारचे ख्रिस्ती कुटुंब आपल्याकडचा आणून देते. केरळात ही गोष्ट भाऊबंदांवर सोपवता येते. वर्ध्यासारख्या ठिकाणी, जिथे सख्खे नातेवाईक हजार-दीड हजार किलोमीटरवर असतात, तिथे धर्मग्रामच नातलग होतो. बाराही महिन्यांत चर्चमध्ये फक्त ओळख असलेली दोन घरे या रात्री एकमेकांची होतात. कोणत्याही प्रवचनाने जे साधत नाही ते त्या झाकलेल्या डब्याने साधते, असे मी पूर्ण विचाराने लिहितो.

शुभ शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने, कडू रसाचा घोट आणि तांदळाच्या पेजेसोबत मूग. वर्ध्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून उन्हातली क्रूसयात्रा ही येथे शब्दशः तपश्चर्या असते.

नाताळ. मध्यरात्रीच्या उपासनेत चर्चबाहेर आग पेटवून तिच्यात धूप वाहतात, ही पूर्व सीरियन परंपरेची खूण. डिसेंबरच्या विदर्भातल्या रात्री तिच्याभोवती उभे राहणाऱ्याला शेकोटी वेगळी शिकवावी लागत नाही. गवताच्या गोठ्याची सजावट, दारावर कागदी तारा, पहाटे उपवास सोडताना अप्पम आणि मटणाचे कालवण. येथे जिल्ह्याचा इतिहास स्वयंपाकघरात शिरतो. गांधी–विनोबांची कर्मभूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात 1970च्या दशकापासून दारूबंदी आहे. केरळात नाताळसाठी घरोघरी द्राक्षांची वाइन घालतात आणि अप्पमचे पीठ माडाच्या ताडीने फुगवतात. वर्ध्यात दोन्ही नाही. पीठ यीस्टने फुगते, केकमधले मनुके रसात भिजतात. जुन्या पिढीला चवीतला फरक जाणवतो. मराठी ख्रिस्ती घरातून मात्र करंज्या, शंकरपाळे, चिवडा येतो, आणि ताटांची देवाणघेवाण झाली की कोणता फराळ कोणाचा हे विचारायचे कारण उरत नाही.

दुक्राना. 3 जुलै हा संत थॉमस यांच्या हौतात्म्याचा स्मृतिदिन. केरळात तो भर पावसात येतो, वर्ध्यात कापूस-सोयाबीनच्या पेरणीत. शेतकरी कुटुंबातून आलेल्या ख्रिस्ती माणसासाठी त्या दिवसाची प्रार्थना पावसाचीही असते. चर्चच्या आश्रयदात्या संताचा वार्षिक उत्सव, म्हणजे पेरुन्नाळ, ध्वज चढवून सुरू होतो आणि रेशमी छत्र्या, पुतळा व क्रूस यांच्या मिरवणुकीने संपतो. पालखीची सवय असलेल्या मराठी डोळ्यांना त्यात नवल वाटत नाही.

घरातील विधी. या समाजाच्या रीतींमध्ये भारतीय मुळे किती खोल आहेत हे लग्न आणि मृत्यू या दोन प्रसंगी दिसते. वधूच्या गळ्यात वर ‘मिन्नु’ बांधतो : सोन्याचा पानाकृती तुकडा, त्यावर बारीक मण्यांचा क्रूस. तो ओवतात वराने दिलेल्या साडीतून (मंत्रकोडी) उपसून काढलेल्या सात धाग्यांत. मंगळसूत्राशी त्याचे नाते उघड आहे, पण धागा त्याच साडीचा असावा ही कल्पना त्यांची स्वतःची. घरात क्रूस लावलेली पितळी समई, निलविळक्कु, तेवते. 6 जानेवारीच्या दनहा सणाला केरळच्या काही भागांत दारापुढे केळीचा खांब रोवून त्यावर दिवे लावतात; आपण सत्यनारायणाला खांब बांधतो, ते दिवे मात्र येशूच्या बाप्तिस्म्याच्या प्रकाशाचे.

नावांची रीत ठरलेली. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव. जॉर्ज केरळात वर्गीस किंवा वर्की होतो, जोसेफ औसेफ, जेकब चाको, एलिझाबेथ एलियाम्मा. शाळेच्या हजेरीत मुलाचे, वडिलांचे आणि आडनाव असे तीन रकाने भरायचे म्हटले की अडचण होते, कारण घराण्याचे नाव (वीट्टुपेर) पुष्कळदा कागदावर नसतेच. मग आजोबांचे ‘वर्गीस’ नातवाचे आडनाव बनून जाते.

मृत्यूनंतरच्या वार्षिक स्मरणाला ‘चात्तम’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘श्राद्ध’ यावरूनच आला आहे. त्या दिवशी कुर्बाना अर्पण करतात, कबरीवर प्रार्थना होते आणि घरी नातेवाईक, शेजारी व गरिबांना जेवण वाढतात. दूरदेशी राहणाऱ्या मुलांसाठी चात्तमचा दिवस गावच्या चर्चमध्ये कुर्बाना ‘बोलून’ ठेवण्याचा आणि वर्ध्यात त्याच वेळी घरी दिवा लावण्याचा असतो. वर्ध्यातच दफन झालेल्या पहिल्या पिढीबाबत आता हे उलट झाले आहे : कबर येथे, आणि दिवा लावणारे भाऊ-पुतणे केरळात.