पाच गाण्यांत एक वाद्य

पेडल स्टील पाहून ती गिटार आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. पायांवर उभी केलेली पट्टी, तिच्यावर 10 तारा, खाली पेडल्स, गुडघ्यांशी लीव्हर्स आणि डाव्या हातात पोलादी दांडी. शिकायला बसलेल्या माणसाचे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि गुडघे एकदम कामाला लागतात. म्हणून पहिली गाणी नीट निवडावी लागतात. माझी यादी पाचाची आहे. ती क्रमाने वाजवली, तर वाद्य कसं घडलं तेही कळतं.

दांडीचं श्रेय सहसा हवाईच्या जोसेफ केकुकूला देतात. 1880च्या दशकाच्या शेवटी, शाळकरी वयात, त्याने तारांवर पोलाद सरकवायला सुरुवात केली. ही गिटार पुढे अमेरिकाभर गेली, भारतातही आली. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या हवाईयन गिटारवरची फिल्मी गाणी आपल्या आजी-आजोबांनी ऐकलेली असतात. मींड ओळखणाऱ्या कानाला हा आवाज परका नाहीच.

म्हणून पहिलं गाणं ‘स्लीप वॉक’. ब्रुकलिनच्या सँटो आणि जॉनी फरिना या भावांची ही धून 1959 साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. सँटोच्या स्टीलला पेडल्स नव्हती. तुम्हीही पाय बाजूला ठेवा. दांडी पडद्याच्या बरोबर वर आली नाही, तर सूर लगेच बेसूर होतो. या संथ धूनमध्ये ते लपवता येत नाही.

दुसरं ‘स्टील गिटार रॅग’, उजव्या हाताच्या बोटांसाठी. 1936मध्ये लिऑन मॅकॉलिफने बॉब विल्सच्या टेक्सास बँडसोबत ते रेकॉर्ड केलं आणि रचनाकार म्हणून त्याचं नाव लागलं. पण त्याचा गाभा 1923च्या ‘गिटार रॅग’मध्ये आहे. ती रेकॉर्ड लुइव्हिलच्या सिल्व्हेस्टर वीव्हर या कृष्णवर्णीय वादकाची. 1927नंतर त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. मॅकॉलिफचं गाणं स्टीलवाल्यांचं जणू राष्ट्रगीत झालं आणि वीव्हर तळटीपेत गेला. शिकताना दोन्ही ऐका, मूळ कुणाचं ते कानालाच कळेल.

आता पाय. सरळ दांडीची अडचण अशी की ती सगळ्या तारा एकत्र वर-खाली नेते, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. त्यामुळे वादक वेगवेगळ्या ट्यूनिंगसाठी एकाच वाद्याला दोन-तीन मानांचे संच लावत. 1940च्या सुमारास पेडल्स आली, पण ती मुख्यतः ट्यूनिंग बदलण्यापुरती. वेब पिअर्सच्या ‘स्लोली’त बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं. एक सूर स्थिर राहिला आणि बाकीचे त्याच्याकडे सरकले. 1954मध्ये हे गाणं कंट्री यादीत 17 आठवडे पहिलं होतं. तो आवाज सगळ्यांना हवा झाला आणि पेडल नसलेल्या वादकांची पंचाईत झाली. पुढे बडी एमन्सने ही हालचाल दोन पेडल्समध्ये विभागली. आजच्या ई-नाइन ट्यूनिंगमध्ये पहिलं पेडल बी सुराचा सी-शार्प करतं, दुसरं जी-शार्पचा ए. सुट्या तारांवर दोन्ही दाबा, दांडी न हलवता ई कॉर्डची ए कॉर्ड होते. तिसऱ्या गाण्यात एवढंच घोटायचं.

चौथं बक ओवेन्सचं ‘टुगेदर अगेन’, 1964. त्यातला टॉम ब्रम्लीचा तुकडा छोटा आहे, पण तो वाजवताना उजव्या पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलचं काम समजतं. तार छेडताना आवाज थोडा दाबायचा आणि सूर विरू लागला की हळूहळू उघडायचा. मग तो गळ्यातून आल्यासारखा टिकतो.

ते ऐकूनच जेरी गार्सियाला या वाद्याची ओढ लागली, असं सांगतात. ‘ग्रेटफुल डेड’च्या या गिटारवादकाने 1969मध्ये पेडल स्टील घेतली आणि त्याच वर्षी क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंगच्या ‘टीच युवर चिल्ड्रन’साठी ती वाजवली. गाणं 1970मध्ये बाहेर आलं. हे आपलं पाचवं गाणं. नॅशव्हिलच्या मुरलेल्या वादकांशी तुलना केली तर गार्सिया नवशिका होता. त्याने जेवढं हातात बसलं होतं तेवढंच, जागा सोडत, गाणाऱ्यांच्या मध्ये न येता वाजवलं. पहिल्या वर्षात तेवढं जमलं तरी पुष्कळ झालं.