बंब, मीठ आणि इंजिन

न्हाणीघरातला बंब आपल्या परिचयाचा. शब्द मूळचा पोर्तुगीज, ‘बोंबा’, म्हणजे पाणी उपसायचा पंप. आपण त्या शब्दात पाणी तापवले, याची मला नेहमी गंमत वाटते. कारण जहाजाच्या इंजिनाला पंप लागतो तो थंडाव्यासाठी.

थंडावा द्यायला समुद्र आहे, पण समुद्रात मीठ आहे. २० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईत बांधलेली आगबोट सुएझकडे निघाली. त्या काळी बॉयलरमध्ये समुद्राचेच पाणी भरत. वाफ निघून जाई, मीठ मागे राही. दाट झालेले पाणी अधूनमधून बाहेर सोडावे लागे. तरी आत थर साचे आणि तो माणसाने हाताने खरवडायचा. १८३४ मध्ये सॅम्युअल हॉल या इंग्रजाने नळ्यांच्या कंडेन्सरचे पेटंट घेतले. नळीच्या एका अंगाला वाफ, दुसऱ्या अंगाला समुद्राचे पाणी; दोन्ही जवळून जातात, पण मिसळत नाहीत. आजच्या कित्येक डिझेल इंजिनांतही हीच युक्ती आहे.

हे पंप चालते ठेवणाऱ्यांचे पुस्तकांत हुद्दे सापडतात, आगवाला, तेलवाला वगैरे. माणसे क्वचितच सापडतात. आमच्या कोकणातली किती तरी मुसलमान घरे या नोकरीवर जगली.

१९५०च्या दशकात मासेमारीच्या नौकांवर इंजिने आली. केरळात नीण्डकरा येथे भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, आपल्याकडे मुंबई-सातपाटीच्या बाजूला यंत्रे बसू लागली. मग पंप खोलायची विद्या कोळी, दालदी, गाबीत यांच्या हातात आली.

लहान इंजिनावरचा हा पंप मुठीएवढा असतो. पितळी डबा आणि आत रबरी पंखा. डब्याची एक बाजू आतून फुगीर. तिथे पाती दुमडतात, पुढे सरळ होताना पाणी ओढतात. या रबराला वंगणही पाण्याचेच. तळाचा कॉक उघडायचा राहिला किंवा जाळीत प्लॅस्टिकची पिशवी अडकली, की बघता बघता पंखा जळतो. मग इंजिन तापते आणि पाच-सहा माणसांची होडी वाऱ्याच्या स्वाधीन होते.

खोलताना आधी तळाचा कॉक बंद, मगच कव्हरचे स्क्रू. उलट केले तर समुद्र आत येतो! पंखा काढला की पाती मोजायची. एखादे तुटलेले असेल तर तुकडा सापडेपर्यंत कव्हर लावायचे नाही. तो पुढे नळ्यांच्या तोंडाशी अडकतो आणि नवा पंखा घालूनही इंजिन तापतच राहते. नवा पंखा साबणाच्या पाण्यात भिजवून, पाती फिरण्याच्या बेताने वळवून बसवायचा. पंपाच्या मानेखाली एक बारीक छिद्र असते. तिथून पाणी टपकू लागले, म्हणजे सील झिजले. शहाणा सील बदलतो. अडाणी छिद्र बुजवतो आणि खारे पाणी तेलात शिरते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होडी शाकारताना जाणता माणूस पंखाही काढून ठेवतो, कारण एकाच जागी दाबून राहिलेली पाती वाकडीच राहतात. शिवाय किल्लीला एक चिंधी बांधतो, पंख्यावाचून कुणी इंजिन चालू करू नये म्हणून.