बीजकातली किंमत

व्यापाऱ्याच्या घरात नांदणाऱ्या बाईला ‘बीजक’ हा शब्द नवा नसतो. माल कुठून आला, किती आला, काय भावाने आला, हे सांगणारा तो कागद. आता सगळे बिल किंवा इन्व्हॉइस म्हणतात. पण बीजक या शब्दात बीज आहे, आणि व्यापारातलं पुढचं सगळं, म्हणजे नफा, कर, उधारी आणि भांडणही, याच कागदातून उगवतं.

त्यातलं एक भांडण फार जुनं आहे. परदेशातून माल आला, बीजकावर एक किंमत आहे, आणि कस्टमचा अधिकारी म्हणतो, ‘ही किंमत खरी नाही.’ मग माल अडतो, कधी जप्त होतो. खरं कोण बोलतोय, आणि ते सिद्ध कोणी करायचं?

वस्तूला एकच एक किंमत असते असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. आमच्या जामसांवली, सौंसर, पांढुर्णा भागातल्या बाया हे संत्र्यावरून चटकन समजतील. सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही. आंबिया बहाराचा भाव वेगळा, मृगाचा वेगळा. दहा गाड्या उचलणाऱ्याला एक भाव, टोपली घेणाऱ्याला दुसरा. यातला खोटा कोणता? एकही नाही. मात्र कर जेव्हा किमतीवर टक्क्याने लागतो, तेव्हा सरकारला एकच आकडा हवा असतो. तिथूनच कुरबुर सुरू होते.

ही कुरबुर कौटिल्यालाही ठाऊक होती. अर्थशास्त्रात शुल्काध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. नगराच्या दाराशी त्याचं ठाणं, त्यावर ध्वज. चार-पाच कारकून लिहून घ्यायचे, की व्यापारी कोण, कुठून आला, माल किती, शिक्का कुठे लागला. मग व्यापाऱ्याने माल आणि किंमत तीनदा पुकारायची. शुल्काच्या भीतीने कोणी माल किंवा मोल कमी सांगितलं, तर वरचं सगळं राजाचं, नाही तर शुल्क आठपट! म्हणजे बीजक कमी दाखवण्याची युक्ती आजची नाही, आणि तिची शिक्षाही आजची नाही.

पण दोष नेहमी व्यापाऱ्याचाच असतो असंही नाही. १६०८ साली विल्यम हॉकिन्स हा इंग्रज सुरतेला उतरला. मुघल अधिकारी मुकर्रब खान आपला माल स्वतःच्या मनाच्या भावाने घेतो, अशी त्याची तक्रार होती. किंमत ठरवण्याची सत्ता एकाच्याच हाती गेली की असं होतं.

१८६० मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात व्यापाराचा करार झाला. त्यात एक गमतीची तोड होती. आयातदाराने सांगितलेली किंमत कस्टमला कमी वाटली, तर कस्टमने तीच किंमत अधिक पाच टक्के देऊन माल स्वतःच विकत घ्यायचा. म्हणजे ‘इतकं स्वस्त आहे ना? मग आम्हालाच द्या!’ खोटं बोलणाऱ्याची फजिती होते, आणि उगाच संशय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या गळ्यातही माल पडतो.

आपल्या देशात १९६२ चा सीमाशुल्क कायदा आहे. त्याच्या १४ व्या कलमात मालाची किंमत कशी धरायची ते आहे. १९९१ साली आपल्याकडे आयात शुल्काचा सर्वांत वरचा दर १५० टक्क्यांवर आणला, म्हणजे त्याआधी तो आणखी जास्त होता. समजा एक लाखाचा माल आहे आणि शुल्क दीड लाख. बीजकावर एक लाखाऐवजी साठ हजार लिहिले, तर साठ हजार वाचतात. इतका मोठा मोह समोर ठेवल्यावर माणसं घसरतात, आणि मग अधिकारी सगळ्यांकडेच चोर म्हणून बघायला लागतात. २००७ पर्यंत बिगरशेती मालावरचा वरचा दर १० टक्क्यांवर आला. मोह कमी झाला, संशय मात्र संपला नाही.

मुंबईच्या कस्टममधली एक केस आपल्याला समजण्यासारखी आहे. आयशर ट्रॅक्टर्स कंपनीने १९९३ मध्ये जपानहून बेअरिंग मागवले. ते १९८९ चे, पडून राहिलेले होते. विकणाऱ्याने छापील भावावर ७७ टक्के सूट दिली. कस्टम म्हणालं, एवढी सूट कशी असेल? छापील भाव धरून हिशेब करा. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. नोव्हेंबर २००० मध्ये निकाल लागला, आणि तो लिहिला होता न्यायमूर्ती रुमा पाल यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जुना साठा काढून टाकण्यासाठी सूट देणं ही व्यापाराची मान्य रीत आहे. प्रत्यक्षात दिलेली किंमतच आधी धरायची. ती नाकारायची तर कायद्यात सांगितलेलं कारण हवं, छापील भावपत्रक पुरेसं नाही. जुन्या साड्यांचा सेल लागल्यावर अर्ध्या किमतीत साडी आणणाऱ्या कोणत्याही बाईला हा न्याय पटेल.

२००७ मध्ये साऊथ इंडिया टेलिव्हिजनच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट आणखी स्पष्ट बोललं. किंमत कमी दाखवली असा आरोप असेल, तर तो सिद्ध करण्याचा भार खात्यावर आहे. तशाच मालाची इतरांनी केलेली आयात दाखवा, पुरावा द्या. ते जमत नसेल, तर संशयाचा फायदा आयातदाराला.

माल जप्त झाला म्हणजे सगळं गेलं, असंही नाही. जप्तीपासून सहा महिन्यांत नोटीस द्यावी लागते. कारण लिहून ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते. तोवर बंधपत्र आणि तारण देऊन माल तात्पुरता सोडवून घेण्याची सोय आहे. पण बंदरात अडकलेल्या कंटेनरचं भाडं रोज चढतं, आणि लहान व्यापारी न्याय मिळण्याआधीच थकतो. म्हणून नुसता कायदा चांगला असून भागत नाही, निर्णय वेळेत लागणंही तितकंच गरजेचं.

आता आपल्या घराकडे येऊ. अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यात ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आहे. आजच्या प्रवचनांत त्याचा अर्थ सांगताना करचोरीही त्यात धरतात. खोट्या मापाचा अतिचारही तिथेच आहे. कमी किमतीचं बीजक म्हणजे खोटं मापच, फक्त तराजूऐवजी कागदावरचं. सामायिक झाल्यावर गादीवर बसून दोन बीजकं करणाऱ्याने हे आठवावं.

आणि बायांनो, हे नुसतं पुरुषांनी आठवून भागणार नाही. आपल्या समाजात कितीतरी फर्म सुनेच्या नावाने आहेत, आयातीचा कोडही तिच्याच नावाने. तिला विचारलं तर म्हणेल, ‘मला काय कळतं त्यातलं, यांनी सांगितलं तिथे सही केली.’ पण आयातीच्या कागदावर ‘यातला मजकूर खरा आहे’ अशी घोषणा असते आणि ती सही करणाऱ्याची धरली जाते. उद्या समन्स निघालं, तर ते सासऱ्यांच्या नावाने येणार नाही, तिच्याच नावाने येईल.

भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी आपण घासाघीस करतो. दळण कमी आलं तर चक्कीवाल्याला विचारतो. मग ज्या कागदावर आपलं नाव आहे, त्यावरचा भाव विचारायला लाज कसली? जेवणं आटोपली की विचारा, ‘हा माल खरंच एवढ्याला आला का? पैसे बँकेतून गेले का? पावती कुठे आहे?’ बीजक खरं असेल तर सांगणारा दोन मिनिटांत सांगेल. तो चिडला, तर पेन खाली ठेवा.

आमच्या भागातून जाणाऱ्या नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरून रोज किती माल जातो! १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. ट्रक आता तसे थांबत नाहीत. कागद मात्र प्रत्येक ट्रकबरोबर जातोच, आणि त्यावर कोणाची तरी सही असते.