हत्यारांचा परवाना : सातारा व सांगली

मराठी मुलखांत हत्यार ही एके काळीं घरांतील नित्याची वस्तु होती. खंडेनवमीस तिची पूजा होई, आणि बापाची जमीन मुलाकडे येई तशी त्याची तलवारहि येई. ती बाळगण्यास कोणाची लेखी परवानगी घ्यावी, ही कल्पना त्या काळच्या कुणब्याला अगर शिलेदाराला चमत्कारिक वाटली असती. आज सातारा किंवा सांगली जिल्ह्यांतील गृहस्थास साधी बंदूक ठेवावयाची झाली तरी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. आणि अर्धस्वयंचलित रायफलीचा प्रश्न निघाला, तर तो दिल्लीपर्यंत जातो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समाज कसा आला, हें पाहण्यास हे दोन जिल्हे फार सोयीचे आहेत; कारण सातारा इंग्रजी अमलाखालीं होता आणि सांगलीकडील बराच प्रदेश संस्थानी होता.

1819 च्या तहानें सातारचें राज्य इंग्रजांच्या देखरेखीखालीं छत्रपति प्रतापसिंह यांस मिळालें. 1839 त त्यांना पदच्युत करण्यांत आलें; आणि 1848 सालीं त्यांचे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तल्यावर डलहौसीनें दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलें. प्रतापसिंहांचें गाऱ्हाणें विलायतेपर्यंत नेणारे रंगो बापूजी गुप्ते यांनीं 1857 त दक्षिणेंत उठावाची जुळवाजुळव केली. पण ती आधींच फुटली. 8 सप्टेंबर 1857 रोजीं साताऱ्यास गेंडामाळावर 17 जणांना देहान्त शासन झालें. रंगो बापूजी मात्र सरकारच्या हातीं कधींच लागले नाहींत.

त्याच 1857 सालीं हत्यारांची आयात, बनावट, विक्री व बाळगणूक यांस आळा घालणारा कायदा झाला. 1860 त दुसरा झाला. पुढें लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत 1878 चा अकरावा कायदा आला, आणि तोच ‘हत्यारांचा कायदा’ या नांवानें लोकांच्या तोंडीं बसला. त्याचा मुख्य नियम साधा होता : परवान्यावांचून कोणीं हत्यार बाळगूं नये. परंतु खरी बोच नियमापेक्षां अपवादांत होती. युरोपियनांस या नियमांतून सूट होती. हिंदी मनुष्यास, तो कितीहि प्रतिष्ठित असला तरी, बहुधा अर्ज करावा लागे. म्हणजे भरंवसा ठेवण्याजोगा कोण, हें माणसाच्या वागणुकीवरून न ठरतां त्याच्या वंशावरून ठरत असे. याच लिटनच्या कारकीर्दींतील देशी वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपनने 1882 त रद्द केला. हत्यारांचा कायदा तसाच राहिला. 1887 सालीं मद्रासच्या राष्ट्रीय सभेंत, बद्रुद्दीन तय्यबजी अध्यक्ष असतांना, या कायद्याविरुद्ध ठराव झाला.

साताऱ्याच्या लोकांना ही विसंगति विशेष जाणवण्याजोगी होती. या जिल्ह्यांतून पिढ्यान् पिढ्या तरुण फौजेंत जात आले आहेत. अपशिंगे या एकाच गांवचे 46 जवान पहिल्या महायुद्धांत कामास आले. साम्राज्यासाठीं परमुलखांत रायफल चालविणारा हा शिपाई रजेवर गांवीं आला, म्हणजे त्याच्या शेतांतील रानडुकरांवर ठासणीची बंदूक रोखण्यासहि परवाना लागे. 1920 च्या सुमारास नियम बदलून वंशावर आधारलेल्या सवलती काढण्यांत आल्या. पण कायद्याच्या मुळाशीं असलेला प्रजेविषयींचा संशय गेला नाहीं.

सांगलीची गोष्ट निराळी होती. 1801 सालीं मिरजेपासून वेगळें झालेलें पटवर्धनांचें हें संस्थान होतें, आणि 1878 चा कायदा इंग्रजी हिंदुस्थानापुरता होता. संस्थानांत कोणीं शस्त्र बाळगावें, हें दरबारनें ठरवावयाचें. त्यांतून या भागाचा नकाशा म्हणजे गोधडीसारखा. वाळवें, तासगांव हे तालुके सातारा जिल्ह्यांतले. सांगली, मिरज व जत हीं संस्थानें. कुंडल आणि आटपाडी औंधकरांचीं. सकाळीं घरून निघालेला माणूस दुपारपर्यंत दोनतीन अमलांखालून जाई, आणि एका हद्दींत जें चाले तें दुसऱ्या हद्दींत गुन्हा ठरूं शके.

अशा मुलखांत कायद्याची कसोटी 1942 सालीं लागली. 9 सप्टेंबरला वडूज येथें आणि दुसऱ्याच दिवशीं इस्लामपूर येथें कचेरीवर निघालेल्या मोर्चांवर गोळीबार झाला. लोक निःशस्त्र होते. त्यांतील कित्येक प्राणांस मुकले. त्यानंतर कांहीं कार्यकर्त्यांनीं वेगळी वाट धरली. 24 जुलै 1943 रोजीं वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी पहारेकऱ्यांच्या बंदुका घेऊन सांगलीच्या तुरुंगांतून निसटले. त्या झटापटींत दोघांचा अंत झाला. नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालीं 1943 ते 1946 पर्यंत चाललेल्या प्रतिसरकारनें गांवोगांवीं न्यायनिवाडे केले आणि तुफान सेना उभारली. त्यांच्याजवळ परवाना कोठला असणार? त्यांनीं हत्यारें हिसकावून, विकत घेऊन, पार गोव्याकडूनहि मिळविलीं. पासष्ट वर्षांच्या कायद्यानें शांततेनें नांदणारा शेतकरी निःशस्त्र झाला होता. निश्चय केलेल्या मनुष्यास त्यानें अडविलें नाहीं.

या अनुभवाचे दोन अर्थ निघतात, आणि दोन्ही खरे आहेत. परक्या सरकारनें प्रजेला निःशस्त्र करणें अन्यायाचें होतें, हा एक. दुसरा असा कीं, स्वराज्यांत प्रत्येकानें आपल्या समजुतीप्रमाणें बंदूक उचलावयाची म्हटलें, तर ज्याच्यापाशीं बंदूक नाहीं त्याला न्याय मिळणें कठीण होतें. स्वतंत्र भारताला या दोन्ही गोष्टींचा मेळ घालावा लागला.

8 मार्च 1948 रोजीं सांगली संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. 1 ऑगस्ट 1949 रोजीं दक्षिण सातारा जिल्हा निघाला, आणि 21 नोव्हेंबर 1960 पासून त्यास सांगली हें नांव मिळालें. हद्दी पुसल्या, तसा कायदाहि एक झाला. संसदेनें 1959 सालीं नवा कायदा केला आणि तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलांत आला. जुन्या कायद्याचा हेतु सबंध राष्ट्राला निःशस्त्र करण्याचा होता, असें नव्या कायद्याच्या उद्देशपत्रिकेंतच म्हटलें होतें. नव्या कायद्यानें बंदुकांचा परवाना कायम ठेवला. तलवारीसारख्या हत्यारांना मात्र, सरकारनें एखाद्या भागापुरती तशी अधिसूचना काढली असेल तेथेंच, तो लागूं केला. परवाना नाकारल्यास कारणें लेखी नमूद करावीं, आणि निकालावर अपील असावें, असें ठरलें. केवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्यावरून कोणालाहि परवाना नाकारूं नये, हें कलम तर आवर्जून लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

आतां अर्धस्वयंचलित रायफलीकडे वळूं. साध्या रायफलींत एक गोळी सुटली कीं, बोल्ट हातानें ओढून दुसरें काडतूस नळींत सारावें लागतें. अर्धस्वयंचलित रायफल हें काम स्वतःच करते. चाप एकदां दाबला कीं एक गोळी सुटते आणि पुढचें काडतूस आपोआप तयार असतें. पूर्ण स्वयंचलित शस्त्रांत चाप दाबून धरला तर गोळ्यांचा वर्षाव चालूच राहतो. 1959 च्या कायद्यानें हें शेवटचें शस्त्र ‘निषिद्ध’ ठरविलें. त्याखालील नियमांच्या परिशिष्टांत अर्धस्वयंचलित रायफल याच पहिल्या वर्गांत घातली गेली, आणि 2016 च्या नव्या नियमांतहि ती तेथेंच राहिली. पिस्तुलें निराळ्या वर्गांत आहेत. पहिल्या वर्गाचा परवाना देण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या गृहखात्याकडे आहे. सातारा किंवा सांगलीचा जिल्हाधिकारी तो देऊं शकत नाहीं. 2019 च्या दुरुस्तीनें निषिद्ध शस्त्र बेकायदा बाळगणारास 7 ते 14 वर्षांची शिक्षा सांगितली आहे.

हा कडकपणा कशासाठीं, याचें उत्तर 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीनें दिलें. सातारा जिल्ह्यांतील केडंबे गांवचे तुकाराम ओंबळे हे मुंबई पोलिसांत सहायक फौजदार होते. गिरगांव चौपाटीवर हातांत केवळ लाठी असतां त्यांनीं अतिरेक्याच्या रायफलीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि तो जिवंत पकडला गेला. मरणोत्तर अशोकचक्रानें त्यांचा गौरव झाला. झटपट गोळ्या सुटणारें शस्त्र अनोळखी हातीं पडलें, तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हें त्या रात्रीं दिसलें.

इतर देशांचा अनुभव याहून फारसा वेगळा नाहीं. ब्रिटननें हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर 1988 सालीं बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली बंद केल्या. ऑस्ट्रेलियानें 1996 त पोर्ट आर्थर येथें 35 माणसें मारलीं गेल्यावर, आणि न्यूझीलंडनें 2019 त क्राइस्टचर्च येथें 51 बळी पडल्यावर तोच मार्ग धरला. अमेरिकेंत मात्र शस्त्र बाळगणें हा घटनेंतील हक्क आहे, आणि नियम राज्याराज्यांतून बदलतात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यानें ठराविक अर्धस्वयंचलित रायफलींची नोंदणी सक्तीची केली. शेजारच्या नेव्हाडांत तशी सक्ती नाहीं. जुन्या सातारा-सांगलीच्या हद्दींची आठवण करून देणारीच ही स्थिति आहे.

आपल्याकडेहि कायदा एक असला तरी नोंदणी सर्वत्र सारखी नाहीं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अभयारण्यांत किंवा त्यापासून 10 किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्या परवानाधारकानें आपलें नांव मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदवावयाचें असतें. आणि तेथें नवा परवाना त्या अधिकाऱ्याच्या संमतीवांचून मिळत नाहीं. कोयना आणि चांदोली हीं दोन्ही अभयारण्यें 1985 सालीं जाहीर झालीं. त्यामुळें जावळी, पाटण, शिराळा या बाजूच्या शेतकऱ्याला पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीसाठीं दोन दफ्तरांशीं संबंध येतो. सातारा शहरांतील गृहस्थास बहुधा एकाशींच.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा या विषयाशीं संबंध येतो तो बहुधा वारशानें. आजोबांची बंदूक कपाटांत असते, आजोबा वारतात, आणि घर वारशानें आलें तशी बंदूकहि आली असें मुलांना वाटतें. कायदा तसें मानीत नाहीं. परवाना व्यक्तीचा असतो व तिच्याबरोबर संपतो. वारसानें स्वतःच्या नांवें परवाना मिळवावा, आणि तोंवर बंदूक पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. कपाटांत तशीच ठेवणें हा गुन्हा होतो. परवाना मागणाराचें वय 21 वर्षें पुरें असावें लागतें, परवान्याची मुदत 2019 पासून 5 वर्षांची आहे, सामान्यतः एका माणसाला दोनांहून अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत, आणि प्रत्येक परवान्याचा क्रमांक राष्ट्रीय नोंदवहींत असतो.

1878 च्या नोंदवहींत प्रजेचा अविश्वास लिहिलेला होता. आजची नोंदवही नागरिकांनीं निवडलेल्या सरकारची आहे, आणि ती प्रत्येकास एकच प्रश्न विचारते : हें हत्यार तुझ्या हातीं असल्यानें शेजारी निर्धास्त राहील काय? तो विचारण्याचा अधिकार शेजाऱ्याला आहे. मात्र तो सर्वांना सारखाच विचारला जावा, श्रीमंताला सौम्यपणें आणि शेतकऱ्याला कठोरपणें विचारला जाऊं नये, याची दक्षता ठेवणें हें नागरिकांचेंच काम आहे. वडूज आणि इस्लामपूर येथें रिकाम्या हातांनीं पुढें गेलेल्या माणसांचें तेवढें देणें अजून शिल्लक आहे.