कॉफीचे झाड आणि कॉफीचा कायदा

एकाच शासकीय मंडळाकडे दोन अगदी भिन्न स्वरूपाची कामे सोपवली गेल्याची उदाहरणे आपल्या प्रशासनात थोडी नाहीत. त्यांपैकी कॉफी मंडळाचे उदाहरण मला विशेष बोधप्रद वाटते. या मंडळाने सुमारे अर्धशतक देशातील कॉफी स्वतः विकली आणि त्याच काळात कॉफीच्या झाडावर संशोधनही केले. विक्रीचे काम सोडायला फार उशीर झाला. संशोधनाचे काम मात्र सोडून चालण्यासारखे नाही. या भेदाचे कारण निम्मे कायद्याच्या इतिहासात आणि निम्मे त्या झाडाच्या प्रकृतीत आहे.

जगात व्यापारी पीक म्हणून मुख्यतः दोनच जातींची कॉफी लावली जाते : अरेबिका आणि कॅनेफोरा, म्हणजेच बाजारातील रोबस्टा. अरेबिकाचे शास्त्रीय नाव लिनियसने १७५३ मध्ये रूढ केले. नावात अरबस्तान असला, तरी तिचे मूळ स्थान इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ अरण्यांत आहे. कॅनेफोरा आणि युजेनिऑइडिस या दोन जातींच्या नैसर्गिक संकरातून ती निर्माण झाली. त्यामुळे या दोघींची गुणसूत्रे प्रत्येकी २२, तर अरेबिकाची ४४ आहेत. अरेबिकाचे फूल स्वपरागित असते आणि बियांपासून उगवणारे रोप बरेचसे मातृवृक्षासारखेच निपजते. रोबस्टाला मात्र दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, म्हणून तिच्या मळ्यात झाडागणिक फरक आढळतो.

इथिओपियाबाहेरची अरेबिका येमेनमार्गे, मोजक्या बियांतून जगभर पसरली. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात पेरल्या, अशी आपल्याकडील परंपरा सांगते. आकडा दंतकथेतला असेल. परंतु लागवडीखालील अरेबिकाचा वंशविस्तार अरुंद पायावर उभा आहे, हे विज्ञानानेही मान्य केले आहे. ज्या एकसारखेपणामुळे तिची चव टिकते, त्याच एकसारखेपणामुळे एका झाडाला लागलेला रोग सगळ्या मळ्याला लागतो.

याचा प्रत्यय तांबेऱ्याने आणून दिला. १८६९ मध्ये सिलोनमध्ये या बुरशीची नोंद झाली. पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटी दिसते, पाने गळतात आणि झाड दुबळे होत जाते. पुढील दोन दशकांत सिलोनचा कॉफीचा व्यवसाय कोसळला आणि त्या डोंगरांवर चहा आला. दक्षिण भारतातही तांबेरा पोहोचला, पण इथे कॉफी तगली. सावलीत लागवड करण्याची पद्धत आणि नव्या वाणांचा शोध यांचा त्यात मोठा वाटा आहे. १९११ मध्ये म्हैसूर संस्थानातील एका मळ्यात केंट नावाच्या बागाईतदाराने रोगाला तोंड देणारे झाड निवडले आणि त्याचे वाण 'केंट्स' म्हणून पसरले. १९२५ मध्ये संस्थान सरकारने बाळेहोन्नूरजवळ कॉफीचे प्रयोगक्षेत्र सुरू केले. तेथेच काम करणाऱ्या मेन या शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात दाखवून दिले की, तांबेऱ्याचे अनेक उपप्रकार आहेत. एकाला दाद न देणारे झाड दुसऱ्याला बळी पडते. केंट्सचे तेच झाले. मग १९४०च्या दशकात एस ७९५ हे संकरित वाण आले. कालांतराने त्याचीही प्रतिकारशक्ती उणावली, तरी चवीमुळे ते आजही मोठ्या प्रमाणावर लावले जाते. २००७ मध्ये 'चंद्रगिरी' हे वाण प्रसृत झाले. ही शर्यत संपणारी नाही.

आता कायद्याकडे वळू. १९३०च्या जागतिक मंदीत भाव पडल्यावर १९३५ मध्ये कॉफी उपकराचा कायदा झाला. त्यातून नेमलेल्या समितीने खप वाढवण्यासाठी १९३६ मध्ये मुंबईत पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. पुढे महायुद्ध पेटले, युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि १९४० मध्ये सरकारने वटहुकूम काढला. १९४२ मध्ये त्याचा कायदा झाला. बागाईतदाराने आपली कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात जमा करायची, मंडळाने ती लिलावाने विकायची आणि आलेले पैसे प्रत व वजनानुसार हप्त्याहप्त्याने वाटायचे, अशी ही व्यवस्था होती. गिऱ्हाईकच नाहीसे झालेल्या त्या काळात हा उपाय शहाणपणाचा होता.

युद्ध १९४५ मध्ये संपले. व्यवस्था संपली नाही. १९६२च्या आंतरराष्ट्रीय कॉफी कराराने देशोदेशींचे निर्यातीचे कोटे ठरवले आणि केंद्रीय विक्रीला नवे समर्थन मिळाले. छोट्या बागाईतदाराला हमखास गिऱ्हाईक लाभले, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. पण हिशेब पुरा व्हायला विलंब लागे. शिवाय एका प्रतीची सगळी कॉफी एकत्र मिसळली जात असल्याने, फळ निगुतीने वेचणाऱ्याला त्या निगुतीचे वेगळे मोल मिळत नसे. १९८९ मध्ये कोटे स्थगित झाले, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ हा मोठा ग्राहक लयास गेला. मग १९९२ पासून खुल्या विक्रीला टप्प्याटप्प्याने मुभा मिळत १९९६ मध्ये बंधन पूर्ण उठले. लगेच, २००० च्या सुमारास जागतिक भाव कोसळले आणि स्वातंत्र्याची किंमतही बागाईतदाराला कळली. तरीही जुन्या साठ्याकडे परत जाणे घडले नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही कामांतला फरक स्पष्ट आहे. कॉफी विकणारे व्यापारी, निर्यातदार आणि सहकारी संस्था निर्माण होऊ शकतात, तशा त्या झाल्याही. नवे वाण निर्माण करणारा खासगी उद्योजक सहजी उभा राहत नाही. अरेबिका स्वपरागित असल्याने स्थिर वाणाचे बी एकदा मिळाले की बागाईतदार पुढचे बी स्वतःच्या झाडांवरून धरू शकतो. विकणाऱ्याला दुसऱ्यांदा गिऱ्हाईक मिळत नाही. त्यात लागवडीनंतर पहिले पीक यायला तीन-चार वर्षे लागतात आणि वाणाची पारख व्हायला दशके. इतका काळ थांबून ज्याचा लाभ सर्वांना वाटून जाणार, असा खर्च सार्वजनिक तिजोरीनेच करावा लागतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १९५०च्या सुमारास देशाच्या उत्पादनात अरेबिका आघाडीवर होती. आज एकूण उत्पादन साडेतीन लाख टनांच्या घरात आहे आणि त्यात दोन तृतीयांशांहून अधिक वाटा रोबस्टाचा आहे. तांबेऱ्याच्या जोडीला अरेबिकाच्या खोडात शिरणारा पांढरा खोडकिडा आहे. सावली विरळ केली की तो बळावतो. उन्हाळ्यातील ज्या वळिवाच्या सरींवर कॉफीचा फुलोरा अवलंबून असतो, त्या चुकल्या की वर्षाचे पीक हातचे जाते. बंगळूर-म्हैसूरकडे स्थायिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांच्या पेल्यातली कॉफी या धडपडीतूनच आलेली असते.

१९४२चा कायदा बदलण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा जनतेपुढे ठेवला. परवाने किती सुलभ होतात, याची चर्चा अशा वेळी अधिक होते. मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळा प्रश्न : बाळेहोन्नूरच्या प्रयोगक्षेत्राला पुढील तीस वर्षे शास्त्रज्ञ आणि पैसा अखंड मिळेल काय? शासनाने विक्रीतून अंग काढले, ते योग्यच झाले. तेच धोरण संशोधनाला लावले, तर तांबेऱ्याचा पुढचा उपप्रकार येईल तेव्हा लावायला रोप नसेल.