बोचकं, डबा आणि रद्दी : एका घरगुती विद्येची प्रस्तावना

बटणं, कागद आणि कापड घेऊन घरच्या घरी काहीतरी करण्याला आपल्याकडे विद्या म्हणायची पद्धत नाही. ‘रिकामा वेळ होता म्हणून केलं,’ असं करणारीच सांगून टाकते आणि ऐकणाराही ते खरं धरून चालतो. या विषयात नव्याने येणाऱ्याने त्या विनयावर विश्वास ठेवू नये. ज्या बाईने विटक्या लुगड्यातून बाळाचं दुपटं काढलं, तिने कापडाचा पोत, त्यात उरलेली ताकद, रंगाचा पक्केपणा या सगळ्याचा हिशेब केलेला असतो; फक्त तो कुठे लिहून ठेवलेला नसतो. माझं म्हणणं थोडक्यात असं, की घरच्या साठ्यातून होणाऱ्या कामात सामान आधीपासून घरातच असतं आणि त्याचं काय करायचं हे बऱ्याच अंशी तेच ठरवतं. तेव्हा अभ्यासाला सुरुवात तयार वस्तूपासून करू नये, साठ्यापासून करावी.

पनवेल हे त्यासाठी सोयीचं गाव आहे. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं जुनं गाव आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झालेलं नवं शहर, अशी दोन पनवेलं इथे एकमेकांना खेटून आहेत. लाईन आळीतल्या किंवा टपाल नाक्याजवळच्या जुन्या घरात माळा असतो, फडताळ असतं, पत्र्याची ट्रंक असते. तिथे कापड दोन पिढ्या निवांत पडून राहू शकतं. खांदा कॉलनी, कामोठे, खारघरच्या फ्लॅटात पलंगाखालच्या कप्प्यापलीकडे जागा नाही, त्यामुळे तिथला साठा दर दिवाळीला चाळला जातो. एकीकडे बोचक्यात नऊवारीचे काठ, धोतराचे तुकडे, शिंपल्याची बटणं निघतात. दुसरीकडे लेगिंग्जच्या चिंध्या, कुर्त्यांचे गळे आणि घरपोच आलेल्या सामानाची खोकी. गाव तेच, पण वस्तू बदलतात, आणि त्यामागचं कारण आवडीनिवडीपेक्षा माळा असणं-नसणं हेच जास्त असतं. नुसत्या नमुन्यांची पुस्तकं चाळून हे कळत नाही.

साठा म्हणजे घरात उरलेलं सगळं काही, असंही नाही. त्याला आधी एक चाळण लागलेली असते, आणि मराठी घरात ती चाळण बोहारणीची होती. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई दाराशी बसली की घासाघीस सुरू होई. धडके कपडे तिच्या गाठोड्यात जात आणि त्याबदल्यात स्टीलचं पातेलं घरात येई. जरीचा पदर जर विकत घेणाऱ्याकडे जाई. बोहारणीने बाजूला सारलेलं, म्हणजे विरलेलं, डागाळलेलं, मध्येच फाटलेलं, ते मागे राही. पुढची सगळी कारागिरी या नाकारलेल्या मालावर झालेली आहे. नऊवारी नेसण्यात कासोट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, काठ मात्र शाबूत राहतात. म्हणून काठ कापून वेगळे ठेवायचे, गोधडीच्या कडेला किंवा पिशवीच्या बंदाला वापरायचे, हा शहाणपणा आला. मधल्या मऊ कापडाचं आधी झबलं, कुंची, दुपटं. तेही झिजलं की मसोतं. मसोत्याचा बोळा झाला की काकडा. एका कापडाचे इतके जन्म सांगणारी ही उतरंड नीट नोंदली, तर घराच्या बेताचा तो चांगला पुरावा होईल.

या उतरंडीत गोधडी सर्वांत वरची, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू. कुठे तिला वाकळ म्हणतात. दोन लुगडी वर-खाली, मध्ये धोतरं, चादरी, जे असेल ते. आणि सगळ्याला बांधून ठेवणारा साधा धावदोरा. नवख्याला वाटतं की कौशल्य रंगांच्या मांडणीत आहे. ते तिथेही आहेच, पण खरी परीक्षा आतले थर न सरकू देण्यात असते. थर सरकले की दोन धुण्यांत आत गोळे होतात. म्हणून टाके जवळजवळ घालायचे आणि ओळी दूर जाऊ द्यायच्या नाहीत. पुष्कळ जणी कडेपासून आत, चौकोनात चौकोन घेत मध्यापर्यंत जातात. जुनं सुती कापडच का, यालाही कारण आहे. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्याची खळ गेलेली असते, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं, सुटायचा तो रंग सुटलेला असतो आणि सुई त्यातून विनासायास जाते. नव्या कोऱ्या कापडाची गोधडी पहिल्या धुण्यातच ठिकठिकाणी आकसते. बाजारात ‘हँडमेड’ चिठ्ठी लावून नव्या कापडाच्या गोधड्या मिळतात; त्या देखण्या असतात, पण या विद्येतला महत्त्वाचा धडा त्यांनी गाळलेला असतो.

सीमेपलीकडे पाहिलं की तुलना जमते. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागातल्या सिद्दी स्त्रिया कवंदी नावाची गोधडी शिवतात. मुळात आफ्रिकेतून आलेल्या या समाजाची कवंदी एका कोपऱ्यापासून सुरू होते. ठिगळ दुमडून ठेवायचं, टाके घालत पुढे जायचं आणि कडेने फिरत मध्यापर्यंत पोचायचं. म्हणजे ठिगळं जोडणं आणि थर शिवणं ही दोन कामं एकाच हातासरशी होतात. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावल्याशिवाय तिला पूर्ण झाली असं मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतावरच्या झिजलेल्या कपड्यांतून गोधड्या केल्या. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या आणि समीक्षकांना त्यांत आधुनिक चित्रकला दिसू लागली. कौतुक झालं हे चांगलंच. पण थंडी अडवायला केलेली वस्तू भिंतीवर टांगल्यावरच दिसावी, याचं मला अजून नवल वाटतं.

आपल्याकडे गोधडी भिंतीवर गेली नाही, उलट पाहुणे आले की आत सरकवली गेली. ठिगळ म्हणजे दारिद्र्य, हे समीकरण फार पक्कं होतं. गाडगेबाबा (१८७६–१९५६) चिंध्या जोडलेलं वस्त्र आयुष्यभर उघडपणे वागवत गावोगाव फिरले, त्यामागचं धाडस हे समीकरण लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही. साठ्यातल्या कामाची दुसरी शाखा मात्र मुद्दाम मांडून दाखवायची होती. ती म्हणजे रुखवत. पुठ्ठ्याचं तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी, बटणांची फुलं, लोकरीचे गोंडे, बांगड्यांच्या काचांची नक्षी. गोधडी लपवायची आणि रुखवत मांडायचं. दोन्ही त्याच बाईने, बऱ्याचदा त्याच बोचक्यातून केलेलं. रुखवताबद्दल मी फार हळवा नाही. मुलीचं ‘वळण’ चारचौघांत तपासायची ती जागा होती आणि तिथल्या कौतुकाला सासरच्या नजरेची धार होती. आता रुखवत तयार मिळतं, भाड्यानेही मिळतं. त्याने प्रथेचं ओझं हलकं झालं असेल, पण हाताचं कामही त्याबरोबर गेलं.

कागदाकडे वळताना एक नातं आधी ध्यानात घ्यावं. कापसाचा धागा जाळला की जळलेल्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते, कारण दोन्ही मुळात सेल्युलोजच. पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. बोचक्यातला अनोळखी तुकडा ओळखायची ही जुनी कसोटी आहे. चिमट्यात एकच धागा धरून, पाण्याचं भांडं शेजारी ठेवून करावी. पुण्याची हातकागद संस्था १९४० सालापासून सुती कापडाच्या कातरणांपासून कागद बनवत आली, म्हणजे शिंप्याच्या कात्रीखाली पडलेल्या चिंध्यांवर पुढे पत्रिका छापल्या जातात. याच्या उलट उदाहरण अंबाजोगाईच्या दासोपंतांचं. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या संतकवीने सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहून काढलं. कापडाचा कागद होतो आणि कापडच कागदाचं काम करतं. या दोन टोकांच्या मध्ये आपला विषय बसतो.

कागद हाताळणाऱ्याने सर्वांत आधी त्याचा कल ओळखायला शिकावं. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं, आडवं फाडलं तर वेडंवाकडं, कारण त्यातले तंतू एका दिशेने बसलेले असतात. पुठ्ठ्याची घडी त्या दिशेने सुबक पडते, आडवी पडली की तडकते. पनवेलच्या पावसाळ्यात हे ज्ञान फार उपयोगी पडतं. दमट हवेत कागद तंतूंच्या आडव्या अंगाने फुगतो, मग चिकटवलेली पेटी वाकडी होते आणि कणकेची खळ सुकण्याआधीच तिला बुरशी धरते. जुने पुस्तकबांधणीवाले खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, लहान मुलं हात लावणार असतील तिथे घालू नये. आकाशकंदिलाचं पतंगी कागदाचं काम पावसाळा उलटल्यावर करायचं असतं हे आपलं नशीबच. रद्दीच्या लगद्यालाही कडक ऊन लागतं. कागद भिजत घालायचा, कुटायचा, त्यात मेथीची पूड कालवायची, पालथ्या पातेल्यावर थापून वाळवायचा. मेथीने लगदा चिकट होतो आणि किडीला तिचा कडवटपणा नकोसा असतो. अशा टोपल्या वर्षानुवर्षं टिकतात.

कागदाच्या तुकड्यांनी किती दूर जाता येतं, याला इंग्लंडच्या मेरी डिलेनीबाईंचा दाखला पुरे. नवरा गेल्यावर, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी रंगीत कागद कातरून फुलं करायला घेतली. दृष्टी अधू होईपर्यंत हजाराच्या आसपास केली, आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

बटणांचा डबा हा साठ्यातला सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज. सदऱ्याचं मसोतं करण्याआधी बटणं कापून डब्यात टाकायची, हा नियम जवळजवळ प्रत्येक घरात पाळला गेला. त्यामुळे कपडे गेले तरी त्यांची मोजदाद डब्यात उरली. शिंपल्याचं बटण ओठाला लावलं तर गार लागतं, प्लॅस्टिकचं तसं लागत नाही. नारळाच्या करवंटीच्या बटणावर रेषा दिसतात. पितळी बटण बहुधा गणवेशाचं. दोन भोकांचं, चार भोकांचं, मागे दांडी असलेलं, टिचबटण, अशी नुसती वर्गवारी करून पाहिली तरी घरातल्या पोशाखाचा इतिहास हाती लागू लागतो. सिंधू संस्कृतीतही शिंपल्याची बटणं सापडली, पण ती बहुतेक शोभेची. काज करून कपडा बंद करण्याची चाल युरोपात तेराव्या शतकाच्या सुमारास रुळली.

दोन भोकांच्या मोठ्या बटणातून दोरा ओवून केलेली भिंगरी तर कुणालाही आठवेल. दोरा ताणायचा, सैल सोडायचा, बटण गुंईं करत फिरतं. हेच तत्त्व घेऊन स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश यांच्या गटाने २०१७ साली कागदाची चकती आणि दोरा यांचं एक साधन जाहीर केलं. ते मिनिटाला सव्वा लाख फेरे घेतं, रक्तातला द्रव वेगळा काढतं, आणि त्याला खर्च येतो अवघा वीस सेंटचा. वीज नसलेल्या दवाखान्यासाठी केलेलं ते यंत्र आहे. खेळण्याला क्षुल्लक समजणाऱ्यांनी ते जरूर पाहावं.

शिक्षणात या विद्येला आपल्याकडे चांगले वकील मिळाले. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून त्यांनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून साधनं घडवली. अरविंद गुप्तांनी पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान केंद्रात बसून आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूब आणि रद्दी यांतून विज्ञान शिकवलं. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शिफारस केलेला कार्यानुभव मात्र पुष्कळ शाळांत स्टेशनरीच्या दुकानातल्या तयार संचापर्यंत येऊन थांबला. मुलाने घरातली चिंधी आणण्याऐवजी पालकांनी पाकीट विकत आणायचं, ही त्या विषयाची थट्टा आहे.

अभ्यासाच्या बाबतीतही एक असमतोल आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ज्या बायकांनी त्या गायल्या, त्यांच्याच हातच्या गोधड्यांकडे त्या मानाने अभ्यासक फार कमी वळले. गाणं उतरवून घेता येतं, गोधडी मात्र वापरून संपते. पुण्यात दिनकर केळकरांनी रोजच्या वापरातल्या दिव्यांना, अडकित्त्यांना, भांड्यांना संग्रहालयाचा मान मिळवून दिला आणि १९७५ साली तो सगळा संग्रह शासनाच्या हवाली केला. तीच नजर आता बोचक्याकडे वळायला हवी.

पुढची पानं वाचण्यापूर्वी वाचकाने एक काम करावं. घरात जुनी गोधडी, दुपटं किंवा पिशवी असेल तर ती कुणी शिवली, कोणतं लुगडं कुणाचं होतं, साधारण साल कोणतं, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून कापडाच्या एका पट्टीवर पक्क्या शाईने लिहावं आणि ती पट्टी दोन टाक्यांनी आतल्या बाजूला शिवून टाकावी. कागदाची चिठ्ठी पनवेलच्या हवेत टिकत नाही.