वाळूच्या घड्याळाची कंबर : देहाची की शिवणीची?

भरदार वक्ष, तितकेच रुंद नितंब आणि त्यांच्यामध्ये एकदम आत वळलेली कंबर, अशा देहरेषेला फॅशनच्या परिभाषेत ‘अवरग्लास’, म्हणजेच वाळूच्या घड्याळाचा आकार म्हणतात. आपल्याकडे त्याला डमरूची उपमा शोभावी. स्त्रीसौंदर्याचे नैसर्गिक माप म्हणून हा आकार मिरवला जातो. युरोपीय वेशभूषेचा इतिहास मात्र त्याचे श्रेय बहुतांशी शिवणकामाला देतो.

एकोणिसाव्या शतकात त्याचे मुख्य साधन होते कॉर्सेट. जाड कापडाच्या थरांत देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्ट्या किंवा पोलादी पट्ट्या बसवून हे अंतर्वस्त्र शिवत आणि पाठीमागे नाडीने आवळत. १८५० च्या दशकात पोलादी कड्यांचा क्रिनोलिन आला. त्यावर घागरा इतका फुले की त्याच्या तुलनेत कोणतीही कंबर बारीकच दिसावी. अर्धे काम आवळण्याचे, अर्धे दृष्टिभ्रमाचे! घट्ट कॉर्सेटमुळे बरगड्या दबतात आणि श्वास कोंडतो, अशी टीका त्या काळचे अनेक डॉक्टर करीत असत.

१९०६ च्या सुमारास पॅरिसमधील पॉल प्वारे यांनी कॉर्सेटविना पेहराव आणले. १९२० च्या दशकात तर सरळ, सपाट झगे रूढ झाले आणि जी वळणे आजीने आवळून उठावदार केली, तीच नातीला लपवावी लागली. देह तेच होते; बदलली होती ती अपेक्षा.

डमरूचा आकार दिमाखात परतला तो १२ फेब्रुवारी १९४७ रोजी. ख्रिस्तियां दिओर यांनी पॅरिसमध्ये आपला पहिला संग्रह सादर केला. त्यातील एका रेषेचे नाव होते ‘कोरोल’, म्हणजे फुलाचा दलपुंज, तर दुसरीचे इंग्रजी आकड्यातल्या आठावरून ‘आठ’. अमेरिकी संपादिका कार्मेल स्नो यांच्या उद्गारातून या शैलीला ‘न्यू लुक’ हे नाव मिळाले. त्यातील प्रसिद्ध ‘बार’ जाकिटाला कमरेखाली आतून भरणी दिली होती. खांदे उतरते, घागरा लांब आणि चुणीदार. मूळ कंबर जेवढी असेल, त्याहून ती बारीक भासावी अशीच ही सारी रचना होती.

या घागऱ्यांना कापड भरपूर लागे. दिओर यांच्यामागे कापड उद्योगपती मार्सेल बुसाक यांचे भांडवल होते, हे येथे लक्षात घ्यावे. ब्रिटनमध्ये तेव्हा कपड्यांवर रेशनिंग होते; मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनी या उधळपट्टीवर टीका केली. अमेरिकेत डॅलसच्या स्त्रियांनी लांब घागऱ्यांविरुद्ध मंडळ काढले. तरीही पुढे दशकभर हीच शैली गाजली.

प्रत्यक्षात असा बांधा किती जणींचा असतो? २००५ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील एका अभ्यासात सहा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांची मापे तपासली गेली. त्यांतील सुमारे ८ टक्के स्त्रियांचाच बांधा या प्रकारात बसला. सुमारे ४६ टक्के स्त्रियांचा बांधा आयताकृती, म्हणजे कंबर फारशी आत न वळलेली, असा होता.

तयार कपडा कमरेला सैल आणि नितंबांवर घट्ट होतो, किंवा याच्या उलट होते, तेव्हा दोष देहाचा नसतो. मापे घेऊन, टक्स घालून ब्लाउज बेतणारा आपला शिंपी हे जाणतो : कपडा अंगाला बेतायचा असतो, अंग कपड्याला नव्हे.